सायकल स्टँडवरची फळी

तिकिटांचा काळाबाजार पकडायचा म्हणून मी पहिल्यांदा गोरक्षनाथांच्या सायकल स्टँडवर गेलो. १९९६ साल होतं. नगरच्या एका नाट्यगृहात मी तिकीटखिडकी सांभाळायचो; स्टँड त्याच्याच दारात होता. रविवारी दुपारी चारला नाटक. सोमवारी सकाळी नऊला पुढच्या खेळाचा प्लॅन उघडायचा, म्हणजे खुर्च्यांचा कागदी नकाशा. विकलेल्या खुर्चीवर मी लाल पेन्सिलीनं फुली मारायची. या फुल्यांपलीकडे जगात काही घडतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

गोरक्षनाथ पारनेरकडचे, साठीला आलेले. स्टँडच्या खांबाला त्यांनी एक फळी टांगली होती आणि तिच्यावर कपड्यांचे चिमटे ठोकले होते. ज्याला ऐनवेळी नाटकाला यायला जमायचं नाही, तो तिकीट त्यांच्याकडे ठेवून जाई. ते चिमट्याला लावत आणि छापील किमतीलाच विकत. मी तीन रविवार आडोशाला उभा राहून पाहिलं आणि चौथ्या रविवारी ओशाळून त्यांच्यासोबत चहा प्यायलो. नुसती हवा भरायला थांबलेल्या माणसालाही ते नाटकाची अशी गोडी लावत, की तो सायकल तिथेच ठेवून आत जाई. इतकं स्वच्छ काम मला जन्मात जमलं नसतं, हे मी तेव्हाच कबूल केलं.

मग क रांगेतल्या सातव्या खुर्चीचा, क-सातचा प्रकार झाला. फळीवरचं क-सात कॉलेजच्या एका मुलीनं घेतलं. दारावर ते मीच फाडलं. दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे प्रेक्षक काकासाहेब खिडकीशी आले. रविवारी येताना घाटात त्यांची मोटरसायकल घसरली होती, थोडक्यात वाचले होते. त्यांनी खिशातून न फाडलेलं तिकीट काढलं आणि ते पुढच्या खेळाला चालेल का, असं विचारलं.

क-सात. अनुक्रमांकही तोच.

छापखान्याची चूक, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिकीटपुस्तकात मागे राहणारा अर्धा तुकडा, स्थळप्रत, एकच होती. मी गोरक्षनाथांना विचारलं, ते तिकीट कोणी आणून दिलं.

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "दुपारी फळी लावली का कवाकवा येखांदं आपसूक असतंय तिथं. इकलं गेलं, तर त्याचा मालक उशिरा येतो, पन येतो."

"आणि नाही विकलं तर?"

"धाकल्या भावाचं, श्रीमंतचं ऱ्हायलं हुतं. शेवटाला मीच घेतलं. पन घरच्यानं घेतलेलं चालत न्हाई, साहेब. ज्याला नाटक बघायचंय त्यानंच घ्याया पायजे." ते फळी पुसू लागले. "बारा वर्षं झाली. तो न्हाई आला."

दुःखानं माणूस काहीतरी धरून बसतो, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

पुढच्या महिन्यात एका रविवारी टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती आणि निम्मी तिकिटं खिडकीवर पडून होती. दोनच्या सुमारास मी स्टँडवर गेलो. गोरक्षनाथ बाजूला झाले. फळीवर एकच तिकीट होतं, ज-बारा.

ते माझ्या बायकोचं, सुनीतीचं होतं. शुक्रवारी ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला माहेरी गेली तेव्हा मी ते माझ्या हातानं तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं. ती आज परस्पर नाटकाला येणार होती. मी तिकीट उलटलं. विकलेल्या प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर मी सही करतो. सही माझीच होती, आणि शेजारी शुक्रवारी सांडलेल्या चहाचा डागही.

मी ऑफिसातल्या फोनकडे धावलो. अकोल्याला फोन लावला तर ती सकाळीच निघाली होती.

तीन वाजले. गोरक्षनाथ येईल त्याला अडवत होते, आर्जवं करत होते. लोक हसून खिडकीकडे जात होते. खिडकीवर हवं ते तिकीट मिळत असताना फळीवरचं कोण घेणार?

मी खिडकी बंद केली. अर्धं रिकामं सभागृह मागे ठेवून मी दाराबाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावली. वीस वर्षांच्या नोकरीतलं हे माझं पहिलं खोटं.

लोक चिडले, परत गेले. पहिली घंटा झाली. दुसरी झाली.

तिसरीच्या आधी एक नर्सबाई धावत आल्या. पाटी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, येकच हाय," गोरक्षनाथ म्हणाले. "लई मोक्याची जागा."

बाईंनी ते घेतलं.

सुनीती सव्वासहाला आली. राहुरीच्या अलीकडे ट्रकला चुकवताना तिची जीप उसात शिरली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. "नाटक बुडालं की हो माझं," ती म्हणाली. मी भर रस्त्यात तिचा हात धरून रडलो.

गोरक्षनाथांच्या पाया पडायला गेलो, तर ते फळीकडे पाहत उभे होते. तिथे फ-तीन लागलं होतं. तारीख पुढच्या रविवारची. त्या खेळाचं तिकीटपुस्तक अजून माझ्या कपाटात कोरं होतं.

"ही खुर्ची मी विकतच नाही," मी म्हणालो.

"तिकीट आलंय म्हंजे मालक ठरलेलाच हाय. खुर्ची रिकामी ऱ्हायली म्हंजे काय हुतं, ते ठावं हाय की आपल्याला."

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी पहिल्यांदा जो कोणी फ-तीन मागेल, त्याच्या तोंडाकडे मी कसं पाहणार होतो?

नऊला खिडकी उघडली. रांगेत सगळ्यात पुढे गोरक्षनाथ उभे होते. धुतलेला सदरा, हातात मोजून आणलेले पैसे. इतक्या वर्षांत त्यांनी खिडकीवर कधी तिकीट काढलं नव्हतं.

"फ-तीन द्या, साहेब."

मी मान हलवून नाही म्हटलं. मागचे लोक कुरकुरू लागले.

"दुसऱ्या कुनाच्या गळ्यात कशापायी?" ते हळूच म्हणाले. "रईवारी मी गावाकडून यीन. फळी तेवढी तुमी लावा."

फळीवरचं फ-तीन त्यांनी माझ्यापुढे उलटं ठेवलं. मी पुस्तकातलं फ-तीन फाडलं, पाठीवर सही केली. सहीची शेवटची रेघ घसरून पार कडेला गेली.

त्यांनी ठेवलेल्या तिकिटावरही ती तशीच घसरलेली होती.