उरलेला चुना

बयाबाईच्या राजूचं लग्न ठरलं ते १९९६ साल. तारीख नाताळानंतरची धरली होती.

दर नोव्हेंबरात मृतांच्या सणाला ती मनमाडहून एसटीनं नाशिकला जाई. शहराबाहेर मिशनचं जुनं दगडी देऊळ आहे. एके काळी तिथं बिशप बसत; आता छप्पर गेलंय, वेदीवर पिंपळ उगवलाय. मागं तिच्या सासूसासऱ्यांच्या कबरी. त्यांना चुना लावायचा आणि उरलेला कोपऱ्यातल्या बिननावाच्या कबरीवर ओतायचा. घरी न्यायचा नाही, अशी तिथली रीत.

त्या वर्षी अर्धी बादली उरली.

"लग्नाचं घर हाय, एक भिंत तरी निघंल," ती राखणदार मल्हारीला म्हणाली. "मेलेल्यांचं काय, थोडक्यात भागतं."

"तुमच्यांचं भागंल, बयाबाई. त्याचं नाय भागत." मल्हारी कोपऱ्याकडं बघत होता.

"तू मेल्यावर तुला पिंपभर आणीन!" ती हसली.

घरी तिनं चुन्यात नीळ कालवली आणि राजूच्या खाटेजवळची भिंत रंगवली. भिंत वाळली. खाटेलगत मात्र ओल राहिली. ती हळूहळू पसरली, तिला आकार आला. उताणं निजलेलं माणूस, एक गुडघा मुडपलेला.

राजू लहानपणापासून तसाच निजे.

"पाइप फुटला असंल, आई," तो म्हणाला. त्या भिंतीत पाइप नव्हता.

राजू कामाला पिंपळगावला गेला, कांद्याच्या खळ्यावर मुक्कामाला. तो जाताच तिनं खुरप्यानं भिंत खरवडली, खपल्या बादलीत भरल्या आणि पहाटेची एसटी धरली.

कोपऱ्यातली कबर ओली होती. चुना ताजा. निळसर.

कबरींच्या चुन्यात नीळ कुणी घालत नाही.

"हे कुणी केलं रे?"

मल्हारी तिच्याकडं बघतच राहिला. "आता गं! मघाशी तुम्हीच नाय का लावून गेलात? राजू होता, बादली धरून. मी हाक मारली, पण त्यानं वळून नाय बघितलं."

बादली तिच्या हातात होती.

तिनं खपल्या कबरीवर ओतल्या. गुडघे टेकले. प्रार्थनेतला एकही शब्द आठवेना.

कबर आजवर सपाट होती. आता ती मधेच एका बाजूला उंचावली होती, मुडपलेल्या गुडघ्याएवढी.

राजू त्याच सकाळी, २१ नोव्हेंबर १९९६ रोजी, पिंपळगावच्या खळ्यावर झोपेतच वारला.