चादरीचं दुसरं टोक

चादरींचा एक ढीग चालत आला आणि थेट तिच्यावर आदळला.

खरंच, ढीगच! वर पांढराशुभ्र डोंगर, खाली दोन बूट आणि मधे कुठेतरी एक आवाज – "बाजूला... अहो, जरा बाजूला व्हा... मेलो!"

धप्प! डोंगर जमिनीवर, बूट हवेत. आणि इस्त्रीच्या वाफेतून हळूहळू वर आले ते दोन डोळे. हसरे! एवढा सगळा पसारा करूनही हसरे!

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही, चादरींना लागलं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आजच आलात ना कामाला?"

"कसं ओळखलंत?"

"जुन्या माणसांना समोरचं दिसतं."

तेवढ्यात मागून कडकबाई आल्या. कडकबाई म्हणजे लाँड्रीच्या सुपरवायझर. त्यांच्या साडीपासून स्वभावापर्यंत सगळ्यालाच कांजी केलेली असायची, म्हणून पाठीमागे हे नाव. "वा! ओळख करून द्यायचे माझे कष्ट वाचले," त्या म्हणाल्या. "हा तुझा नवा जोडीदार."

इस्त्रीच्या टेबलांवर एकदम खसखस पिकली. ती कानापर्यंत लाल झाली.

"घडीचा! घडी घालायचा जोडीदार!" ती ओरडली. पण वाफेला कोण गप्प करणार आणि बायकांना कोण!

तर गोष्ट अशी होती. ही लाँड्री मोठमोठ्या हॉटेलांचे कपडे धुवायची. हॉटेलातली चादर एकट्याच्या घडीला दाद देत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, दुमडायची आणि चालत एकमेकांसमोर यायचं. तिची जुनी जोडीदार म्हणजे काकू. दोघींचे हात एकत्र असे चालायचे की बोलावंच लागायचं नाही. "टोकाला टोक लागलं पाहिजे," एवढंच काकू म्हणायच्या. पण गुडघ्यांनी संप पुकारला आणि काकू घरी बसल्या.

आणि नेमकं आत्ताच बसल्या! कारण त्याच आठवड्यात घरमालकीण मावशींनी जिन्यात गाठून गोड आवाजात सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवतेय हं, बाळ." बाळ म्हणायचं आणि गळा धरायचा!

तिला मिळायचा किमान पगार. किमान म्हणजे काय, तर याहून कमी दिला तर मालक पकडला जाईल, एवढाच. आणि शहर असं महाग, की सावलीत उभं राहिलं तरी कुणीतरी पावती फाडेल असं वाटायचं. पण ती काय कच्च्या गुरूची चेली होती? मंडई उठायच्या वेळेला जायचं, भाजी निम्म्या भावात. बसचे शेवटचे तीन थांबे पायी. साबणाचे सगळे तुकडे चिकटवून नवा साबण – आणि तो दोन रंगांचा, म्हणजे दुकानातल्यापेक्षा देखणाच!

आणि तिची खोली! लिफ्ट पाचव्या मजल्यावर दमायची. तिच्याही वर, गच्चीला चिकटून. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीत एक खुंटी, एक कप. पण खिडकीत सगळं शहर. दाराला कुलूप तिचं, किल्ली तिची. अप्पा फोनवर म्हणायचे, "दमलीस तर परत ये गं पोरी. दार उघडंच आहे."

"उघडंच ठेवा अप्पा," ती म्हणायची, "पण मी येईन ती पाहुणी म्हणून. पेढे घेऊन."

आता ते जपायचं तर एकच वाट होती, रविवारचं काम. रविवारी हॉटेलांच्या मोठ्या हॉलमधले लांबलचक टेबलक्लॉथ यायचे. पैसे दीडपट. पण काम एकाच जोडीला मिळायचं, जी जोडी सगळ्यात चांगली तिला. आजवर ती आणि काकू. आता ती आणि... हा!

हा म्हणजे काय सांगावं! चादर धरायचा झोकात, झटकायचा मस्त, आणि दुमडायची वेळ आली की... चादरीची दोरी! दर वेळी पीळ!

"अरे, मी करते तसं कर ना!" एव्हाना ती अहोजाहो विसरली होती. "बघ माझ्याकडे!"

"बघतोच आहे."

"माझ्या हाताकडे!"

"अच्छा... हाताकडे होय."

इस्त्रीवाल्या बायका पुन्हा खुदुखुदु. तो तिचा हात बघायचा, जीव ओतून अगदी तसंच करायचा, आणि पुन्हा पीळ. तिनं त्याचं नाव गुंडाळ्या ठेवलं. त्यानं तिचं राणीसाहेब.

"राणीसाहेब का?"

"काल मधल्या सुट्टीत सगळ्यांनी वर्गणी काढून समोसे आणले. तू म्हणालीस, मला भूक नाही. आणि पोट मात्र हॉलभर ऐकू जाईल असं गुरगुरत होतं."

"मी कुणाचं फुकट खात नाही."

"तेच तर म्हणतोय, राणीसाहेब." तो हसला. पण चेष्टेचं हसू नव्हतं ते. "मग एक दिवस चहा तरी पाज. म्हणजे मी फुकट खाईन."

"माझ्याकडे कप एकच आहे," ती मान ताठ करून म्हणाली. त्यानं 'अरेरे' केलं नाही. म्हणाला, "मस्त. म्हणजे धुवायलाही एकच."

त्या रात्री कप धुताना ती एकटीच हसली. उगाचच हं... अगदी उगाच.

शनिवारी सकाळी कडकबाईंनी तिला बोलावलं. "उद्याचं काम तुझं. जोडीला इस्त्रीवरची उंच पोरगी देते. तुझा तो नवा मुलगा सोमवारपासून खाली, धुलाईच्या यंत्रांवर."

तिनं हातातल्या नॅपकिनचा बोळा केला. "तुम्ही ठरवलंत?"

"मी कशाला? तो स्वतःच आला होता. म्हणाला, माझ्यामुळे तिचा रविवार जायला नको."

रविवार मिळाला होता. भाडं भागणार होतं. उड्या माराव्यात अशी बातमी! आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर मात्र रागाचा लाल दिवा पेटला.

तो जिन्यात पायऱ्यांवर बसला होता.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"काय?"

"माझ्यावर उपकार करायला! माझं भलं मला न विचारता करायचं नाही कुणी. अप्पांनाही नाही करू दिलं, तू कोण टिकोजीराव?"

"उपकार नाही गं... मला जमत नाहीये, एवढंच. तुझं नुकसान कशाला?"

"जमत नाही तर शिकायचं! पळतोस काय?" आणि रागाच्या भरात तिनं हातातला नॅपकिनचा बोळा त्याच्या अंगावर भिरकावला.

त्यानं तो वरच्या वर झेलला. सहज. सुरेख. डाव्या हातानं.

ती थबकली. "...पुन्हा."

"आँ?"

तिनं खिशातलं रुमालाचं गाठोडं फेकलं. झप्! पुन्हा डावा.

"तू डावरा आहेस?"

तो एकदम ओशाळला, चोरी पकडल्यासारखा. "लहानपणी शाळेत फूटपट्टी खायचो त्यासाठी. आधीच्या नोकरीत पण मालक ओरडायचा, सगळं उलटं करतोस म्हणून. म्हटलं, इथे कुणाला कळू नये. तू उजवा उचललास की मी उजवा..."

ती मटकन पायरीवर बसली. समोरासमोर उभं राहिलं की तिचा उजवा आणि त्याचा उजवा दोन वेगळ्या बाजूंना! ती उजवा हात डावीकडे नेणार, तोही नेणार, मग पीळ पडेल नाही तर काय होईल? काकू डावा हात चालवायच्या. बिचाऱ्या काकू! इतकी वर्षं सवयीनं हात बदलत होत्या, आणि हिनं कधी बघितलंच नव्हतं.

"अरे देवा... चूक माझी आहे!" ती ओरडली. "मीच म्हणत होते, माझ्यासारखं कर, माझ्यासारखं कर!" मग तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. पहिल्यांदाच, न रागावता. "तू माझ्यासारखं करूच नकोस. तू... तुझ्यासारखं कर."

त्याला असं आजवर कुणीच म्हटलं नसावं. कारण त्यानं आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो आजच मिळाला.

पाच मिनिटांत दोघं कडकबाईंसमोर. "बाई, तुमची उंच पोरगी नको. आमची परीक्षा घ्या. हरलो तर रविवारही नको मला."

"वेडी आहेस? मिळालेलं हातचं घालवतेस?"

"मिळालेलं नको, बाई. कमावलेलं हवं. दोघांचं."

कडकबाईंनी सगळ्यात लांब टेबलक्लॉथ काढला. इस्त्र्या थांबल्या. वाफसुद्धा श्वास रोखून उभी राहिली. तिनं दोन टोकं धरली, त्यानं दोन. फटाक! झटका असा बसला की मधोमध हवेची लाट धावत गेली. तिचा उजवा उठला... त्याचा डावा उठला... एकाच बाजूला, एकाच वेळी, आरशात बघावं तसे. पीळ नाही! पुन्हा दुमड. आता चालायचं... एक पाऊल, दुसरं, तिसरं... आणि तिच्या बोटांना त्याची बोटं लागली.

"टोकाला टोक," ती पुटपुटली.

कडकबाईंनी घडीवरून हात फिरवला. एकही चुणी नाही. "हं," त्या म्हणाल्या. कडकबाईंच्या शब्दकोशात 'हं' म्हणजे सुवर्णपदक! "रविवारी दोघंही वेळेवर या. आणि काम करताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू नका."

बायकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

महिना संपला. वाढलेलं भाडं, पूर्ण, वेळेवर, तिनं मावशींच्या हातावर ठेवलं. मावशींचा चेहरा बघण्यासारखा होता! अप्पांना फोन केला. पलीकडे आधी खाकरणं, मग – "बरं... मग पेढे कधी?"

आणि उरलेल्या पैशांत तिनं फुटपाथवरून एक वस्तू घेतली. दुकानदार वैतागेपर्यंत निवडून.

संध्याकाळी तो लिफ्टनंतरचे जिने चढून आला, धापा टाकत. गच्चीवर वारा होता. खाली दिवे लागत होते. तिनं त्याच्यासमोर चहा ठेवला – नव्या कपात.

"दुसरा कप?"

"डाव्या हातात धर."

त्यानं धरला. कपाच्या एकाच बाजूला चित्र होतं, छोटा निळा पतंग. उजव्या हातात धरलं तर तो समोरच्याला दिसला असता. डाव्या हातात धरल्यावर पतंग बरोबर त्याच्याकडे बघत होता.

तो कपाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "मला... म्हणजे असं की... तुझ्याबरोबर घडी घालताना... ते टोकं जुळतात ना, तेव्हा..."

"गुंडाळ्या, पीळ पडतोय. सरळ बोल."

"आवडतेस तू मला."

"ऐकू आलं नाही."

"आवडतेस तू मला, राणीसाहेब!" गच्चीवरची कबुतरं उडाली.

"मलाही," ती म्हणाली. मान ताठ, गाल लाल. "पण एक सांगून ठेवते. पुढच्या वेळी चहाची साखर तू आणायचीस."

"कबूल," तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला. तिनं उजवा. मधे कुणालाच वळावं लागलं नाही.