सातव्या मुलाखतीतले काका

त्याला प्रबंधासाठी बारा लिफ्टमनच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. त्याने एक घेतली. तीही लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. उरलेल्या अकरा चॅटबॉटने एका मंगळवारी दुपारी पाऊण तासात दिल्या, जराही कुरकुर न करता. संमतीपत्रांवर सह्या यानेच ठोकल्या. सहा उजव्या हाताने, पाच डाव्या. फोन नंबर सुचतील ते.

सातवी मुलाखत कोरडी झाली होती. निवृत्त लिफ्टमन, वय एकसष्ट, डाव्या कानाने ऐकू येत नाही, बस्स. "जरा करुण कर," त्याने टाइप केलं. चॅटबॉटने काकांना एक मुलगी दिली आणि नवव्या वर्षी तापाने नेली. "मस्त," असं लिहून याने आठवी मागितली.

तोंडी परीक्षेला मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सातवी वाचून रडले रे मी. म्हटलं, यांना भेटायचंच. फोन केला, तर लगेच आले."

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. उजवा कान पुढे करून.

आता सगळं बाहेर येणार. पदवी गेली. आईने तर अख्ख्या इमारतीला आधीच सांगून ठेवलेलं.

"हाच का तो मुलगा?" परीक्षकांनी विचारलं.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"हाच. दोन तास बसला होता. पाणीसुद्धा घेतलं नाही. गुणी पोरगं."

परीक्षकांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात त्याने म्हाताऱ्याला गाठलं. नंबर चुकून कुणाचा तरी लागला, त्या कुणाला तरी गंमत वाटली, एवढा साधा हिशेब त्याने मनात मांडून ठेवला होता.

"काका, खोटं का बोललात?"

"तुझं वर्ष कशाला घालवू?"

"पण तुम्ही नक्की कोण?"

"लिहिलंयस ना सगळं." म्हातारा बाकावर टेकला. "आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या मंगळवारी भाजी घेऊन घरी आलो, तर भिंतीवर पोरीचा फोटो. कपाटात फ्रॉक. दोघांनाही आठवत होतं, ताप कसा चढत गेला ते."

त्याला तोंड वर करवेना.

"माफ करा," तो म्हणाला. पण डाव्या बाजूने म्हणाला. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही.

तो उठून उजवीकडे आला. दुसऱ्यांदा मात्र ते शब्द निघेनात.

"तेवढं एक कर," म्हातारा म्हणाला. "तिचं नाव लिहून दे. तू लिहिलंच नाहीस."

"नाव?"

"बायको रोज संध्याकाळी दारात जाते. तोंड उघडते. हाक काय मारायची, तेच तिला कळत नाही."