न्हाणीतली यमुनाबाई

ही माझ्या आजीची, तुळसाची, हकिगत आहे. तिने ती जन्मात दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा शब्दाला शब्द तोच.

भाट्ये, सन १९३१. रात्र नव्हती.

चांगली उन्हं वर आली होती.

तुळसा बाळंतीण होती. तिचा पहिला मुलगा तान्हेपणीच गेला होता. त्याला न्हाऊ घालणारी यमुनाबाई अचानक वारली, आणि तिच्या मागोमाग तोही.

आता मुलगी झाली होती. तिला न्हाऊ घालायला गंगुबाई यायची, खाडीपलीकडून.

त्या सकाळी वारा उलटा होता. होडी सुटली नाही. गंगुबाई आलीच नाही.

तरी न्हाणीतून आवाज आला...

चुबुक.

तांब्या पाण्यात बुडाला होता.

तुळसा धडपडत गेली. न्हाणीत कुणी नव्हतं.

परतली, तर पाळण्यातल्या मुलीचं जावळ ओलं होतं... अंगाला न्हाणं झाल्यावर देतात त्या धुरीचा वास.

सासू मथुरा दारातच थबकली.

"यमुना आली गो. न्हाणवूंदे तिला. अडवलंस तर पोर घेऊन जायल."

"पयल्याच्या येळेला तिला कोणी अडवला होता, आत्याबाय? तरी गेलाच ना?"

"ओली बाळंतीण तू. न्हाणीत बसलीस तर कंबर धरंल."

"धरूंदे."

तुळसाने मुलीला उचललं. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब पसरले. मुलीला नडग्यांवर पालथं घेतलं आणि तांब्याकडे हात नेला.

तांब्या जागेवर नव्हता...

पाठीमागे आवाज झाला.

चुबुक.

तुळसाने मान वळवली नाही.

"यमुनाबाय, पाणी तुमी घाला. तुमचा हात चांगला. पण पोर माझ्या पायांवरच ऱ्हायल."

काहीच झालं नाही. चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

मग मुलीच्या पाठीवर धार पडली. कोमट. हवी तेवढीच.

मथुराने दारातून पाहिलं. तांब्या दिसत होता, धार दिसत होती.

हात नव्हता.

ती मुलगी म्हणजे माझी आई. नातवंडं खेळवून गेली.

मी शास्त्र शिकले. ओल्या जावळाची कारणं मला सुचतात, धुरीच्या वासाचीही. त्या धारेचं कारण अजून सुचलेलं नाही.

आता माझ्या नातीला मीच न्हाऊ घालते. पाट तोच आहे.

कधीकधी पाठीमागे चुबुक होतं...

मी वळून बघत नाही. "घाला पाणी," म्हणते.

आणि नडग्यांवरची पोर घट्ट धरते.