एका खळ्यावर दोन राशी

"यंदा मी खळ्यावरून हलणार नाही म्हणजे नाही!" मनकर्णानं परकर खोचला.

"आणि अण्णांनी हाकललं तर?" वसंतानं विचारलं. हा तिचा मामेभाऊ, दिवाळीच्या सुट्टीत लालबागहून निंबोल्याला आलेला.

"तर कडब्यात लपू! एकदम पक्का प्लॅन!" नऊ वर्षांचा गोटू, मनकर्णाचा धाकटा भाऊ, टुणकन उडाला.

मनकर्णाला हसू आलं नाही. कसं येणार? तिची शाळाच पणाला लागली होती.

शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, की सुपरफॉस्फेट खत घातलं तर ज्वारीच्या दाण्यातला फॉस्फरस वाढतो. हाडं-दात बळकट करणारा! मनकर्णानं वडिलांच्या मागे लागून शेताच्या एका पट्ट्यात ते घालायला लावलं. दुसऱ्यात नेहमीचं शेणखत. गेल्या वर्षी दोन्हीकडचे नमुने तपासायला नागपूरला गेले आणि उत्तर आलं, दोन्ही दाणे सारखेच. अगदी दशांशापर्यंत! गाव पोट धरून हसलं. तिचे आजोबा, कौतिकअण्णा, तर कडाडलेच, "शिकवून पोरीचं डोकं बिघडलं! यंदाही तेच आलं तर खत बंद अन् शाळाही बंद!"

"अरे, जुळ्या भावांची उंचीसुद्धा इतकी सारखी नसते!" मनकर्णा म्हणाली. "काहीतरी गडबड आहे."

"आणि यंदाच शोधायला हवी," वसंत म्हणाला. "बाबा म्हणतात, राज्यांची जोडतोड चाललीय. उद्या नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, तर नमुने पाठवणार कुठं?"

त्यानं पिशवी उघडली. आत कपड्यांच्या निळीत भिजवून वाळवलेली शेरभर ज्वारी! "ही फक्त नव्या खताच्या राशीत मिसळायची. दुसरीकडे एक जरी निळा दाणा सापडला, तर समजायचं..."

"चोर आला!" गोटू ओरडला.

"चूप रे! सगळ्या गावाला सांगतोस का?"

मळणी झाली होती. खळ्यावर दोन पट्ट्यांच्या दोन राशी होत्या. निळे दाणे एका राशीत खोलवर मिसळून तिघं कडब्यात शिरली. अंगाला अशी खाज सुटली म्हणता! पण हूं की चूं नाही.

सूर्य कलला आणि खळ्यावर आले कोण? खुद्द अण्णा! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फावडं उचललं आणि दोन्ही राशी ओढून त्यांची एकच रास केली. उदबत्ती लावली, राशीपुढे हात जोडले. "माय, घर एक ठेव."

"अण्णा?" वसंत पुटपुटला.

मनकर्णाचे डोळे भरून आले. तिला रागही आला, भयंकर राग! पण तिनं ओठ घट्ट मिटले. नमुने न्यायला साहेब येईपर्यंत थांबायचं होतं.

सकाळी ग्रामसेवक विनायकराव सायकलवरून आले. बाजेवर बसून चहा झाला. मग स्वारी राशीपाशी गेली. "ही डावी बाजू शेणखताची, ही उजवी नव्या खताची. बरोबर ना, अण्णा?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी दोन थैल्या भरल्यासुद्धा!

"थांबा!" मनकर्णा पुढे झाली. "थैल्या उघडा!"

"ए पोरी, सरकारी काम आहे!"

"म्हणूनच उघडा!"

गलका ऐकून शेजारपाजारचे गोळा झाले. विनायकरावांनी कुरकुरत थैल्या अंथरलेल्या धोतरावर ओतल्या. दोन्ही ढिगांत निळे दाणे! मनकर्णानं निळे दाणे कसे आणि कुठं मिसळले ते सगळं सांगितलं आणि विचारलं, "शेणखताच्या पट्ट्यात निळी ज्वारी कशी पिकली, साहेब?"

विनायकरावांचा चेहराच उतरला.

"एका खळ्यावर दोन राशी घातल्या तर घर फुटतं!" अण्णा गरजले. "माझ्या बापानं घातल्या नाहीत, मी घालणार नाही. सारा देश एक होतोय अन् मी रास फोडू?"

"घर फुटू नये म्हणून रास एक केलीत, अण्णा. पण खोटी मी ठरले! माझी शाळा तुटत होती, ते चाललं तुम्हाला?"

अण्णांनी मान खाली घातली. "मला वाटलं, साहेब नमुने शेतातूनच नेतात."

"आणि मी राशीची एकेक बाजू धरून चाललो," विनायकराव ओशाळून म्हणाले. "आता खरा नमुना कुठून आणायचा?"

"हा घ्या!" मनकर्णानं दोन गाठोडी पुढे केली. मळणीआधीच तिनं दोन्ही पट्ट्यांतली कणसं वेगवेगळी बांधून ठेवली होती! सगळ्यांसमोर ती झोडपली गेली. थैल्यांना लाखेची मोहोर लावताना गोटू पहारेकऱ्यासारखा उभा होता.

महिन्याभरानं नागपूरचं पत्र आलं. विनायकरावांनी ते चावडीवर वाचलं. नव्या खताच्या दाण्यात फॉस्फरस जास्त, चांगलाच जास्त! "या पोरांनी मला माझं काम शिकवलं. शाबास!" ते म्हणाले. गावानं टाळ्या पिटल्या. अण्णा मात्र उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा दप्तर घेऊन निघाली, तर शेताच्या कडेला अण्णा गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होते. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"अण्णा, हे काय?"

"दुसरं खळं. गव्हाचेही दोन पट्टे आहेत ना? एका खळ्यावर एकच रास. रीत मी मोडत नसतो!" त्यांनी मान वर केली. "अन् तू उभी काय राहिलीस? पळ, शाळेला उशीर होतोय!"