सांगलीच्या कप्तानाचा पितळी टोप

"विजे, मामा डोहात उतरायला निघाले!" शेजारचा गुंडा धापा टाकत आला आणि विजयमालेच्या हातातला आंबा हातातच राहिला.

१९४६ सालची मे महिन्याची सुट्टी. साताऱ्याची विजयमाला आष्ट्याजवळ कृष्णाकाठी आकाराममामाकडे आली होती. मामांच्या पाणी उपसायच्या इंजिनाच्या पाइपाचं तोंड डोहाच्या तळाशी गाळात रुतलं होतं आणि वर ऊस करपत होता. म्हणून मामांनी सांगलीच्या पाणबुड्यांच्या नव्या दुकानातून भाऊसो कप्तानाला आणलं. सोबत पितळी टोप, हवेचा पंप आणि लांबलचक रबरी नळी! टोप घालून मामांनी बुडायचं आणि कप्तानानं काठावरून हवा भरायची.

"तो कप्तान का नाही उतरत?" विजयमालेनं विचारलं.

"सकाळी पायावर पाणी उडालं तर केवढ्यांदा किंचाळला! त्यो काय उतरतोय! आन् नळीला ताजं डांबर फासलंय."

मामांनी कसलीच चौकशी केली नव्हती. कप्तानानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, आणि पलटणीतून आलेला अख्खा गाव विरघळला! एवढ्याशा अकलेवर ही माणसं लढाईवरून धडधाकट परत कशी आली, याचंच विजयमालेला नवल वाटलं.

दोघं काठावर पोचली तेव्हा मामांची लेक बनू रडकुंडीला आली होती. "आबा ऐकत न्हाईत गं!"

"गुंडा, सायकलचं पंक्चर कसं शोधतोस?"

गुंडाचे डोळे चमकले. त्यानं गुपचूप नळीचा मधला वेढा म्हशींच्या पाणी प्यायच्या दगडी डोणीत, पाण्याखाली दाबून धरला.

"मामा, पलटणीत बंदूक न तपासताच निघत होता?" विजयमाला मोठ्यानं म्हणाली. "मग पंप तपासा की!"

"व्हय रं, पोरगी बराबर बोलतीया," म्हातारे शिपाई म्हणाले.

"टाइम न्हाई!" कप्तान ओरडला, पण मामांनी पंपाचा दांडा हलवलाही. बुड बुड बुड! डोणीत दहा ठिकाणी बुडबुडे! डांबर सुटलं आणि खालून धोतराच्या चिंध्या निघाल्या.

"ती... ती समुद्रातली पद्धत हाय!" कप्तान मागं सरला आणि घसरून नदीत पडला.

"बुडालो! वाचवा!"

"उभं ऱ्हावा की!" बनू खेकसली. "गुडघाभर पानी हाय!"

काठावर हसण्याचा नुसता गदारोळ उठला. हा म्हणे पाणबुड्या!

नावाडी नाथाजीकाका मघापासून नावेत बसून होते. लंगोटीवाल्या माणसाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. विजयमालेनं विचारलं. त्यांनी बांबूनं खोली मोजली, कमरेला दोर बांधला आणि टोक मामांच्या हाती दिलं. "दोन हिसकं बसलं की वडा. गप्पा हाणू नगा."

तीन बुड्या झाल्या. तिसऱ्या बुडीला पाइप मोकळा झाला, इंजिन धडधडलं आणि पाटात पाणी धावलं.

मामा खाली मान घालून आले. "पोरी, तू नसतीस तर बनू आज पोरकी झाली असती. शाबास!" त्यांनी सलामासाठी हात उचलला.

"मला नको," विजयमाला म्हणाली. "तिकडं करा."

मामा वळले. टाचा जुळवून त्यांनी नाथाजीकाकांना कडक सलाम ठोकला.

"ऱ्हाऊ द्या वं," काका केस पिळत म्हणाले. "म्होरल्या खेपंला आदी इचारा, म्हंजे झालं."