पणजीचं नाव

माझ्या मुलाच्या, प्रीतमच्या घरी चौदा वर्षांनी पुन्हा पाळणा हलला, ते साल २०१४. सुनेच्या बाळंतपणासाठी मी सिंगापूरला, यिशुन भागातल्या फ्लॅटवर आले होते. बाळ गुटगुटीत, सुलेखा ठणठणीत. मी सुखात होते.

फक्त बाळाला नाव नव्हतं. बेचाळीस दिवसांत ते नोंदवायचं होतं, चार उरले होते. मला माझ्या आजीचं नाव द्यायचं होतं आणि तेच मला ठाऊक नव्हतं. गावात तिला सगळे 'म्हाताऱ्याची बायको' म्हणत. बापाने ते नाव एकट्या माझ्या धाकट्या भावाला, गणपतला सांगितलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याचं डावं अंग गेलं, वाचाही गेली.

"मामाला लिहून द्यायला सांग ना," प्रीतम म्हणाला.

"तो अंगठेबहाद्दर. मी साठीनंतर तरी पाटी धरली. त्याने तेही नाही."

नऊ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, थोरल्या नातीच्या, ऋचाच्या शाळेत नाटक होतं. अमेरिकेतल्या एका काळ्या कुटुंबाचं. त्यांची पणजी विकली गेली तेव्हा कागदावर नुसतं 'बाई, वय वीस' लिहिलेलं. नातवंडं तिचं नाव शोधत फिरतात. प्रीतम कानात सांगत होता, पण मला तसंही समजत होतं.

दारातच ऋचाने सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या. आपल्या घराण्यातलं सर्वांत जुनं नाव लिहायचं, शेवटी स्टेजवरून वाचणार. मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले. मग कोरीच घडी टोपलीत टाकली.

"ब्लँक? कॅनॉट ला, आज्जी!" टोपली धरून उभी ऋचा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"नाही माहीत, तर काय लिहू? तुझं डोकं?"

शेवटी नाटकात पणजी झालेली बाई चिठ्ठ्या वाचू लागली. ती ऋचाची नाटकाची शिक्षिका, अमेरिकेची. चिनी नावं, मलाय नावं, तमिळ नावं. प्रत्येक नावाला टाळ्या पडत. एसीने माझे पाय गार पडले होते.

एक चिठ्ठी उघडून ती थांबली.

तिच्या तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली.

"अक्के," ती म्हणाली. "हौसा."

टाळ्या पडल्या. प्रीतमने माझा हात घट्ट धरला.

मला अक्के म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

नंतर प्रीतमने तिला विचारलं. तिने ती चिठ्ठी काढून दाखवली. कोरीच. "म्हणते, हिच्यावर काही नव्हतं, म्हणून न वाचता बाजूला ठेवली," प्रीतमने मला सांगितलं.

घरी सुलेखा खूप हसली. "हौसा! आणि शाळेत काय म्हणतील?"

"नाईस ला, मम्मी," ऋचा म्हणाली. तिने बाळाला हाक मारून पाहिली. बाळाने मान वळवली. ठरलं.

गणपतला ऐकवावं म्हणून मी गावी फोन लावला. त्याच्या मुलाने, निशिकांतने उचलला.

"जयभीम, आत्या." मग तो हळूच म्हणाला, "तुला कळवणारच होतो. बाळंतिणीचं घर, म्हणून थांबलो."

माझा भाऊ गणपत गुरुवारी, सहा नोव्हेंबर २०१४ रोजी, पहाटे वारला.